'मी मावळाच होणार' म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसवू का?

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही दिसेल आणि इतर वाचणाऱ्यांनाही. तुमचा मुलगा नववीत, सेमीला. मिस्टरांची बदली झाली म्हणून मागच्या जूनमध्ये तालुक्याच्या गावातून पुण्यात आलात. जुन्या शाळेत कधी काही नव्हतं, इथे पहिल्याच महिन्यात हजेरीत आडनाव ऐकून मागच्या बाकांवरून 'पाकिस्तान' सुरू झालं, मॅच असली की 'आज तुमची टीम आहे ना', वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको नको ते मीम. आधी घरी येऊन रडायचा, डबा तसाच परत आणायचा. आता गॅदरिंगमध्ये अफजलखान वधाचा प्रवेश बसवताना सर सगळ्यांसमोर म्हणाले, 'खान तूच कर, तुला मेकअप पण लागणार नाही', वर्ग हसला, आणि हा उभा राहून म्हणाला, 'मी मावळा होणार, नाहीतर मी भागच घेणार नाही.' त्यावरून डायरीत उद्धट म्हणून शेरा आला आणि तुम्हाला दोघांना शनिवारी शाळेत बोलावलंय. त्यात तो आता शुक्रवारी टोपी घालून शाळेत जाईन म्हणतोय. वडील म्हणतात मान खाली घालून दहावी काढ. आणि तुम्ही विचारताय की त्याला गप्प बस म्हणू की बोलू देऊ.

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून वीसेक वर्षं काम करतेय, मूळची सोलापूरची, घर मुस्लिमच, त्यामुळे यातलं बरंचसं मी पुस्तकातून शिकलेलं नाही. 'अय्या, तुझं मराठी किती छान आहे गं' हे वाक्य मी बीएडपासून ऐकतेय. म्हणणारीच्या मनात काही वाईट नसतं हो, पण आपल्याच भाषेबद्दल आपल्याला शाबासकी मिळाली की कळतं, आपल्याला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलंय. तुमच्या मुलाला रोज हेच कळतंय, फक्त शाबासकीच्या जागी शिवी आहे.

माझ्या मते गप्प की बोलू हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघा की सध्या हे ओझं कोण वाहतंय. चौदा-पंधरा वर्षांचं पोर एकटं वाहतंय. वर्गात उत्तर त्यानेच द्यायचं, घरी आल्यावर वडिलांची काळजी त्यानेच ऐकायची, आणि शाळेत शेराही त्यालाच. तो बोलला तरी एकटा आहे आणि गप्प बसला तरी एकटाच आहे. मोठी माणसं मध्ये आली की मग त्याला बोलायचं की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो, आणि पोरं ते बऱ्यापैकी नीट ठरवतात असा माझा अनुभव आहे.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. सर खरंच मनात अढी ठेवून बोलले की गंमत म्हणून तोंडातून गेलं? मुख्याध्यापक कसे आहेत? त्याला वर्गात एक तरी जवळचा मित्र आहे का? (हे नक्की विचारा, एक मित्र असला तरी चित्र पार बदलतं.) कुणी अंगावर आलंय का, धमकी दिलीय का? आणि तो झोपतोय का, जेवतोय का? यातलं शेवटचं जर बिघडलेलं असेल, म्हणजे शाळेच्या नावाने पोटात दुखतंय, रात्ररात्र जागा असतो, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा तऱ्हेचं काही बोलतो, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अंगावर हात टाकणं किंवा धमकी असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि गरज पडली तर पोलीस, त्यात शाळेची नाराजी बघत बसू नका.

पण तुमच्या लिहिण्यावरून मला तो मोडलेला वाटत नाही. का ते सांगते. काही वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती, वर्गशिक्षिकेने 'अबोल झालीय' म्हणून पाठवलेली. मी सहज तिची वही हातात घेतली. लेबलवर आईने वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलेलं होतं आणि त्यातलं आडनाव या पोरीने निळ्या पेनाने इतकं गिरवून खोडलं होतं की लेबलला भोक पडून खालचं खाकी कव्हर दिसत होतं. दप्तरातल्या सगळ्या वह्या तशाच. सातच्या सात. ती कुणाशी भांडली नव्हती, उलट बोलली नव्हती, डायरीत एक शेरा नव्हता, शाळेच्या लेखी ती अगदी शहाणी मुलगी होती. तुमच्या मुलाने नाव खोडलं नाही, तो उभा राहिला. त्यामुळे मला त्या मुलीची जेवढी काळजी वाटली होती तेवढी याची वाटत नाही. त्याला गप्प बसवलंत तर तो त्या वह्यांच्या दिशेने जाईल, म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'गप्प बस म्हणू नका' असंच आहे.

मग बोलायचं काय? इथे आपण मोठी माणसं हमखास एक चूक करतो, मीही सुरुवातीची काही वर्षं केली. आपण मुलाला यादी देतो. आठवीतल्या एका मुलाला मी अशीच यादी पाठ करून दिली होती. झहीर खान आपल्या श्रीरामपूरचा, २०११ च्या वर्ल्डकपमध्ये २१ विकेट. 'चले जाव'चे शब्द सुचवणारे युसुफ मेहेरअली, १९४२ मध्ये मुंबईचे महापौर. सोलापूरच्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेन, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फासावर गेले. कलामसाहेब तर होतेच. पोराने वर्गात सगळं घडाघडा म्हटलं, एक तारीख चुकली नाही. आणि समोरचा मुलगा शांतपणे म्हणाला, 'हां, पण ते वेगळे.' तो माझ्याकडे परत आला, खुर्चीत बसला, हात बाकाखाली, आणि मला विचारतो, 'मॅम, मी काय केलं म्हणजे मी पण वेगळा होईन?'

त्या दिवसापासून मी वर्गात वापरायला यादी देत नाही. कारण यादी दिली म्हणजे आपण समोरच्याचा प्रश्न मान्य केला, की बाबा तू इथला आहेस याचा पुरावा दे. आणि पुरावा कितीही दिला तरी तो पुरत नाही, कलाम झाल्याशिवाय बाकावर बसायची परवानगीच नाही असं होतं. वर्गातल्या बाकीच्या पन्नास पोरांना कुणी असं विचारतं का? त्यांना गणितात बारा मार्क पडले तरी ती इथलीच असतात. तुमच्या मुलालाही तसंच असता आलं पाहिजे, कधी अभ्यास न करणारा, कधी कॅच सोडणारा, साधा नववीतला मुलगा.

हीच नावं, हाच इतिहास घरात मात्र जरूर सांगा, भरभरून सांगा. घरी तो पुरावा नसतो, ती आपली गोष्ट असते. येरवड्यावरून गाडी गेली तर सांगा की कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशीतले होते. सोलापूरला आलात तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्या, चौघं शेजारी शेजारी उभे आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमद महाराजांबद्दल सांगा, वारकरी त्यांना संतच मानतात. यू. म. पठाण सर १९९० ला पुण्यातच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्यांचा आयुष्याचा अभ्यास संतसाहित्याचा, हे सांगा. कडेगावचे उंच ताबूत एकदा दाखवून आणा, तिथे मोहरमला कोण कोण खांदा देतं ते त्याला डोळ्यांनी बघू दे. आडनावाचा अर्थ सांगा, आपली किती आडनावं कामधंद्यावरून आलीत, अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, आणि मुलाणा तर बऱ्याच गावांत बलुतेदारांत धरलेला. त्याच्या आजोबांनी गावात काय केलं, कुणाच्या लग्नात कोण वाढायला असायचं, हे सगळं. हे पोटात असलेलं पोर वर्गात यादी म्हणत नाही, त्याला गरजच पडत नाही.

आता नाटकाचं. शनिवारी शाळा समंजस निघाली तर एक तोडगा पुढे येईल बघा, 'मग त्याला सिद्दी इब्राहिम देऊ'. प्रतापगडावर महाराजांबरोबर जे निवडक दहा अंगरक्षक गेले त्यात जिवा महाला, येसाजी कंक यांच्यासोबत सिद्दी इब्राहिमचं नाव येतं, आणि समोर खानाचा वकील म्हणून कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. महाराजांच्या आरमारात दौलतखान, चिटणिशीत काझी हैदर. हे सगळं खरं आहे आणि सरांनी वर्गाला सांगायलाच हवं, ते सांगायचं काम सरांचं आहे, तुमच्या मुलाचं नाही. पण सिद्दी इब्राहिमची भूमिका 'तू मुसलमान म्हणून ही घे' असं म्हणून दिली तर तो पुन्हा तोच खानाचा न्याय झाला, फक्त बाजू बदलली. त्याने सिद्दी इब्राहिम मागितलेला नाही. त्याने मावळा मागितलाय, कुठलाही, इतर पोरांसारखा. त्याला स्वतःला इब्राहिम करावासा वाटला तर आनंदाने करू दे, पण ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

मीटिंगला जाताना दोघंही जा, वडिलांना नक्की न्या. आधी एका कागदावर लिहून ठेवा, तारीख, तास कोणता, नेमके शब्द काय, कोण हजर होतं. मीममध्ये ज्यांची नावं दिसतात त्यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण ते पहिल्या मिनिटाला टेबलावर ठेवू नका. सुरुवात मी अशी करायला सांगते: 'सर, खानाचं काम वाईट नाही, नाटकात ते कुणीतरी करायलाच हवं आणि त्याला चांगला नट लागतो. पण ते काम धर्म बघून दिलं गेलं आणि सगळ्या वर्गासमोर तसं बोललं गेलं, त्याबद्दल आम्ही आलोय.' एवढंच बोला आणि थांबा. पुढचं त्यांना बोलू द्या. मुलगा कसा उद्धटपणे बोलला यावर गाडी जाईल, जाऊ द्या, 'तो आवाज चढवून बोलला असेल तर त्याबद्दल तो तुम्हाला सॉरी म्हणेल, पण तो जे म्हणाला ते चूक नव्हतं' हे वाक्य घरी दोघांनी बोलून बघा, नाहीतर ऐनवेळी अर्धंच येतं आणि माफीच मागून परत येतात लोक. मी पाहिलंय असं कितीदा तरी.

मागायचं काय ते ठरवून जा. शेरा मागे घ्यावा. सरांनी मुलाशी एकट्याने बोलावं. बाकीच्या भूमिका चिठ्ठीने किंवा चाचणीने दिल्या असतील तर त्याचंही नाव त्याच पद्धतीने जावं. आणि हजेरीच्या वेळी जे चालतं ते वर्गशिक्षकांनी तिथल्या तिथे थांबवावं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा की याला पुढे उभं करून वर्गाला एकात्मतेवर भाषण देऊ नका. शाळा चांगल्या मनाने हे करतात, आणि त्या दिवसापासून पोराचा 'तक्रार करणारा' होतो. प्रतिज्ञा रोजच म्हणतात ना सगळे, 'सारे भारतीय माझे बांधव आहेत', तेवढं पुरेसं आहे, फक्त हजेरीच्या वेळीही ते आठवायला हवं.

बोलून काही हललं नाही तर मुख्याध्यापकांना साधा लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, त्याची चौकशी करा. त्यापुढे शिक्षणाधिकारी, मग राज्याचा बालहक्क आयोग. कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मुलाला मानसिक त्रास देणं बंद करतं, तो कायदा सहा ते चौदा वयाचा आहे म्हणून कुणी बोट दाखवलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, ते अठरापर्यंतच्या मुलांना लागू आहे आणि ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनी केलेल्या छळाबद्दल आहे. पण पहिल्या भेटीत कलमं काढू नका. बरेच शिक्षक सवयीने बोलून जातात, त्यांना आपण काय बोललो ते नीट ऐकवलं तर चपापतात. कलम ऐकलं की आधी संस्था सावध होते, आणि मग बोलणं वकिलाच्या भाषेत सुरू होतं. अर्थात मुलाला लागायचं ते दोन्हीत सारखंच लागतं, म्हणून ढिलं सोडू नका, फक्त क्रम पाळा.

मुलाच्या तोंडी काय द्यायचं याबद्दल थोडंसं. वाद घालायला शिकवू नका, छोटी वाक्यं द्या. 'माझं नाव आहे, नावाने हाक मार.' 'हे परत बोललास तर मी मॅडमना सांगणार, आणि सांगितलंय हे तुला पण सांगणार.' 'आज तुमची टीम' याला उत्तरच द्यायचं नाही, कारण 'मी इंडियालाच सपोर्ट करतो' म्हटलं की पुन्हा तोच पुरावा सुरू. मी मुलांना खोलीत उभं करून हे बोलायला लावते, पाच-सहा वेळा, आधी आवाज फुटत नाही, मग हळूहळू साधा येतो, चढलेला नाही आणि रडवेला पण नाही. घरी तुम्ही समोरचा मुलगा व्हा आणि सराव घ्या. आणि गप्प राहून निघून जायचीही त्याला मुभा आहे हे स्पष्ट सांगा. रोज लढायचं नसतं.

वडिलांवर रागवू नका. आमच्या पिढीने ९२-९३ च्या दंगली पाहिल्यात. मी सहावीत होते, अब्बा कितीतरी दिवस आम्हाला दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते, पुढे कितीतरी वर्षं बाहेर मोठ्याने बोललं तरी खुणेने गप्प करायचे. मान खाली घालणं त्यांना जीव वाचवायचं साधन वाटतं आणि त्यांच्या वेळी ते होतंही. मुलाला हे वडिलांच्याच तोंडून ऐकू दे, 'मी घाबरतो कारण मी हे पाहिलंय.' 'तू चूक केलीस'पेक्षा हे ऐकायला मुलाला फार वेगळं वाटतं, आणि दोघांमधली तेढ कमी होते.

टोपीचं सगळ्यात अवघड आहे म्हणून शेवटी घेतलं. त्यात श्रद्धा किती आणि चीड किती हे तुम्हाला आत्ता कळणार नाही, त्यालाही कळत नसणार, या वयात दोन्ही एकत्रच असतात. एक मुलगा मला म्हणाला होता, 'ते तसंही मला ओळखतातच, मग मीच दाखवतो.' टोपी काढ म्हणू नका, त्याला वाटेल घरातही लाज आहे. वडिलांबरोबर जुम्म्याला जायची सवय लावा, तिथे ती त्याची स्वतःची असू दे. पण शाळेत घालायची तर गणवेशाचा नियम एकदा वाचा, आणि या आठवड्यात नको म्हणून सांगा, आणि खरं कारण सांगा: शनिवारी आपल्याला नाटकाबद्दल बोलायचंय, तू टोपी घालून गेलास तर सगळी मीटिंग टोपीवर होईल आणि सर सुटतील. हे मुलांना पटतं, त्यांना डाव कळतो. आणि मोबाईलवर तो सध्या काय बघतोय तेही जरा बाजूला बसून बघा, त्याच्याबरोबर, चोरून नाही. दुखावलेल्या पोराला चिथावणारे दोन्हीकडून बसलेले असतात.

शाळा बदलू का असं तुम्ही मध्येच एका ओळीत विचारलंय. सहा-आठ आठवडे द्या. मुख्याध्यापकांनीच सरांची बाजू धरली आणि त्रास वाढला तर बदला, त्यात हार वगैरे काही नाही. नववीचं वर्ष संपता संपता बदललं तर दहावीला बरं पडतं एवढं लक्षात असू द्या.

आणि एक राहिलं. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण त्याला मावळाच का व्हायचं होतं हे त्यात कुठेच नाही, मला वाटतं त्याला ते अजून कुणी विचारलेलंच नाही, ना सरांनी ना घरी. शनिवारच्या आधी एकदा जेवताना विचारा. कुठला मावळा, हातात काय असणार, भाला की ढाल-तलवार, एखादं वाक्य बोलायचं होतं का. असेल तर म्हणून दाखव म्हणा.